‘नेबॉब’ म्हणजे कोण? आपला ‘नवाब’ विलायतेला जाऊन काय झाला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नेबॉब’ या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय?

अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आलेला, इथे गडगंज पैसा केलेला आणि तो घेऊन मायदेशी परतलेला इंग्रज किंवा स्कॉटिश माणूस म्हणजे नेबॉब. पुढे अर्थ सैल झाला आणि कुठल्याही अतिश्रीमंत, वजनदार माणसाला हा शब्द लावू लागले. शब्दकोशात आज दोन्ही अर्थ मिळतात, पण या शब्दाला जी धार आहे ती पहिल्या अर्थाची. नुसतं ‘श्रीमंत’ म्हणून भागत नाही. हा पैसा कुठून आणला, कसा आणला, असा सवाल त्या शब्दातच आहे.

उच्चार कसा करायचा?

‘नेबॉब’. जोर ‘ने’वर. ‘नबाब’ असा उच्चार केला तर इंग्रजी ऐकणाऱ्याला कळणार नाही, आणि मला हे नेहमी गमतीचं वाटतं, कारण मूळ उच्चाराच्या जवळ आपणच आहोत.

हा शब्द ‘नवाब’वरूनच आला हे नक्की का? मग ‘व’चा ‘ब’ कसा झाला?

नक्की. त्याबद्दल कोशकारांत मतभेद नाहीत. ‘ब’साठी फार लांब जायला नको. मराठीत आपण ‘नवाब’ही म्हणतो आणि ‘नबाब’ही. बंगालीत तर ‘नबाब’च. पोर्तुगीजांनी हा शब्द ‘नबाबू’ असा उचलला, फ्रेंचांनी ‘नबाब’ असा. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसतो. त्या काळात त्याचा अर्थ साधा होता : मुघलांचा सुभेदार किंवा बडा अधिकारी. त्यात टोमणा नव्हता. टोमणा यायला आणखी दीडशे वर्षं जायची होती.

‘नवाब’ या शब्दाचं मूळ काय?

मला या शब्दाच्या प्रेमात पाडणारा भाग हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अरबीत ‘नाइब’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा, बदली, प्रतिनिधी. आपण हा शब्द रोज वापरतो : नायब तहसीलदार. सैन्यातला नायब सुभेदारही तोच. या ‘नाइब’चं अरबी अनेकवचन ‘नुव्वाब’, आणि त्याचंच फारसी-हिंदुस्तानी रूप ‘नवाब’. म्हणजे शब्दशः पाहिलं तर नवाब म्हणजे ‘अनेक नायब’.

मग एका माणसाला अनेकवचन कशासाठी? हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. ‘बाबा आले’, ‘गुरुजी बसले’ म्हणताना आपण एकाच माणसाला अनेकवचन लावतो. तोच हा आदर. इंग्रजाला हे उलगडून सांगायला परिच्छेदभर लागतो, आपल्याला ‘आदरार्थी बहुवचन’ एवढे दोन शब्द पुरतात.

याच धातूतून आलेला आणखी एक शब्द आपल्या घरात आहे : ‘नौबत’. मूळ अर्थ पाळी, वारी. ठरलेल्या वेळी, पाळीपाळीने वाजणारं वाद्य म्हणून नौबत. एकाच्या जागी दुसऱ्याने येणं, ही कल्पना या सगळ्या शब्दांच्या बुडाशी आहे.

आजही अरब देशांत लोकप्रतिनिधींच्या सभागृहाला ‘मजलिस अन्-नुव्वाब’ म्हणतात. नुव्वाब, म्हणजे लोकांनी आपल्या जागी पाठवलेले. एकाच शब्दाची एक वाट संसदेकडे गेली आणि दुसरी पैशाच्या राशीकडे.

पण ‘बदली अधिकारी’ हा अर्थ ‘सत्ताधीश’पर्यंत पोहोचला कसा?

मुघल सुभ्यावरचा अधिकारी बादशहाच्या वतीने कारभार पाही. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि दिल्लीची पकड सुटत गेली. बंगालमध्ये मुर्शिद कुली खान, अवधमध्ये सआदत खान असे सुभेदार नावापुरते बादशहाचे नायब राहिले. वसूल, फौज, न्याय सगळं त्यांच्या हातात आलं. दक्षिणेत अर्काटचा नवाब तर नायबाचाही नायब होता : तो निजामाच्या हाताखालचा आणि निजाम बादशहाच्या हाताखालचा. तरी इंग्रज त्याला राजासारखंच वागवत.

आपल्याकडे याचं हुबेहूब उदाहरण आहे. राजाराम महाराज जिंजीला असताना ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण झालं. प्रतिनिधी म्हणजे छत्रपतींच्या जागी काम पाहणारा, अगदी ‘नायब’च. पुढे औंध संस्थानाचे राजे स्वतःला पंतप्रतिनिधी म्हणवत राहिले, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘दुसऱ्याच्या वतीने’ असा आहे हे कुणाच्या ध्यानातही येईनासं झालं. पदाचं नाव तेच राहिलं आणि सत्ता त्या नावाखाली सरकत गेली. नवाबांचंही तसंच झालं.

मग इंग्रज माणसाला ‘नवाब’ का म्हणू लागले?

कंपनीच्या नोकरीची खालची पायरी ‘रायटर’ची, म्हणजे कारकुनाची. सोळा-सतरा वर्षांची पोरं या जागेवर येत आणि त्यांचा सुरुवातीचा पगार वर्षाला ५ पौंड असे. एवढ्यावर कुणी सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून, ताप-अतिसाराच्या देशात येत नाही. खरी ओढ खासगी व्यापाराची होती. कंपनी आपल्या नोकरांना स्वतःच्या हिशेबावर व्यापार करू देई. युरोपशी होणारा व्यापार तेवढा कंपनीने स्वतःकडे ठेवला होता.

यात मेख होती दस्तकाची. फर्रुखसियर बादशहाने १७१७ मध्ये दिलेल्या फर्मानाने कंपनीच्या मालाला बंगालमध्ये जकात माफ झाली. माल कंपनीचा आहे याचा दाखला म्हणजे दस्तक. कंपनीच्या नोकरांनी हाच दाखला आपल्या खासगी मिठाला, सुपारीला, तंबाखूला लावायला सुरुवात केली. गावचा व्यापारी जकात भरतोय आणि साहेबाचा गुमास्ता दस्तक दाखवून नाक्यावरून पुढे जातोय, तर व्यापारी टिकणार कसा? नवाब मीर कासीमने तक्रारी करून पाहिल्या. शेवटी त्याने १७६३ मध्ये सगळ्यांचीच जकात माफ करून टाकली. माझ्या मते त्या काळातला हा सर्वांत न्याय्य निर्णय. त्यावर कंपनीने युद्ध पुकारलं. २२ ऑक्टोबर १७६४ ला बक्सरला निकाल लागला.

दुसरा मार्ग नजराण्यांचा. नवाब बदलला की नवा नवाब ‘खूश होऊन’ कंपनीच्या अधिकाऱ्यांना रकमा देई. २३ जून १७५७ ला प्लासी झाली, सिराज-उद्-दौला गेला, मीर जाफर गादीवर आला. एकट्या रॉबर्ट क्लाइव्हच्या वाट्याला २,३४,००० पौंड आले. शिवाय पुढे वर्षाला सुमारे २७,००० पौंडांची जहागीर. वर्षाला ५ पौंडांच्या कारकुनीवर मद्रासला उतरलेला हा मुलगा. बत्तिसाव्या वर्षापर्यंत तो युरोपातल्या मोठ्या धनिकांत जमा झाला.

असे लोक १७६० च्या सुमारास इंग्लंडला परतू लागले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना नाव दिलं : नेबॉब. हे बघा आमचे नवाब! त्यात कुत्सितपणा होता. आणि नकळत नेमकेपणाही होता, कारण ही माणसं खरोखरच नायब होती. कंपनीच्या भागीदारांच्या वतीने काम करायला पाठवलेली, आणि मालकापेक्षा श्रीमंत होऊन परतलेली.

हा पैसा जहाजात भरून नेत असत का?

थोडासा. मोठ्या रकमा हुंडीने जात. डच आणि फ्रेंच कंपन्यांना हिंदुस्थानात माल घ्यायला रोकड लागे. इंग्रज अधिकारी ती रोकड त्यांना इथे देई आणि तिकडे ॲम्स्टरडॅम किंवा पॅरिसवर हुंडी वटवून घेई. स्वतःच्या कंपनीला पत्ता लागू द्यायचा नसेल तर ही सोय फारच चांगली. म्हणजे बंगालच्या पैशावर प्रतिस्पर्धी कंपन्यांचा व्यापार चालत होता. क्लाइव्हनेही डच हुंड्या वापरल्या. दुसरी सोय हिऱ्यांची : आकाराने लहान, मोलाने मोठे.

हिऱ्यांवरून थॉमस पिटची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तो प्लासीच्या अर्धशतकभर आधीचा. मद्रासचा हा गव्हर्नर. त्याने ४१० कॅरेटचा कच्चा हिरा विकत घेतला, इंग्लंडला पाठवून पैलू पाडून घेतले आणि १७१७ मध्ये फ्रान्सचा कारभार पाहणाऱ्या ऑर्लिआँच्या ड्यूकला विकला. तो ‘रीजंट’ हिरा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. हिऱ्याच्या आणि हिंदुस्थानातल्या पैशावर पिट घराण्याने जमिनी घेतल्या, पार्लमेंटच्या जागा घेतल्या.

इंग्लंडमधल्या लोकांना नेमका राग कशाचा आला?

मी वाचत गेलो तसा या प्रश्नाने मला जास्त अस्वस्थ केलं.

पहिला राग जागा बळकावल्याचा. त्या काळात पार्लमेंटच्या कित्येक जागांना मूठभर मतदार असत आणि ते विकत मिळत. जुन्या जमीनदारांचा हा पिढीजात कारभार. नेबॉब आले आणि भाव चढले. ज्या जागा वडिलांपासून घरात होत्या त्या कुणा दुकानदाराच्या पोराने जास्त बोली लावून नेल्या, हे त्यांना सहन होईना. १७७० मध्ये माजी पंतप्रधान थोरला विल्यम पिट लॉर्ड्सच्या सभागृहात म्हणाला की आशियाची संपत्ती आपल्यावर ओतली गेली आहे आणि तिच्याबरोबर नुसती आशियाई चैन नव्हे तर राज्यकारभाराची आशियाई तत्त्वंही आली आहेत. बोलणारा कोण? त्याच हिरेवाल्या थॉमस पिटचा नातू. दोन पिढ्या गेल्या की पैशाचा रंग उतरतो.

‘आशियाई तत्त्वं’ हा शब्दप्रयोगही नीट पाहण्यासारखा आहे. लाच इंग्रजाने घेतली, मतं इंग्रजाने विकली, आणि दोष मात्र आशियाच्या हवेला.

दुसरा राग खरोखर माणुसकीचा होता, आणि तो नाकारणं अन्यायाचं होईल. १७६९-७० मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये कळवलं की सुभ्यातली निदान एक तृतीयांश माणसं गेली असावीत. त्याच पत्रात तो लिहितो की १७७१ चा सारा १७६८ च्या साऱ्यापेक्षाही जास्त वसूल झाला. माणसं एक तृतीयांश कमी आणि वसूल जास्त! ही दोन वाक्यं एकाच कागदावर आहेत. धान्याचा मक्ता कंपनीच्या नोकरांनी केला अशा बातम्या लंडनला पोहोचल्या आणि तिथेही अनेकांचा थरकाप उडाला. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने १७७२ मधल्या आपल्या पत्रात खून, लूट, हडपेगिरी असे शब्द स्वतःच्याच देशबांधवांसाठी वापरले.

तरीही माझं मत असं की ‘नेबॉब’ या शब्दात पहिला राग जास्त मुरला आहे. हा शब्द ज्याला लावला त्याच्या चुकीच्या रंगाच्या कोटाबद्दल, नव्या हवेलीबद्दल, हुक्क्याबद्दल लोक हसत. मुर्शिदाबादच्या विणकराचं काय झालं हे त्या हसण्यात फारसं ऐकू येत नाही.

या शब्दाचा प्रसार एखाद्या नाटकामुळे झाला असं ऐकलं. खरं का?

शब्द आधीपासून रुळला होता, पण त्याला चेहरा दिला तो सॅम्युएल फूटने. त्याचं ‘द नेबॉब’ हे प्रहसन १७७२ मध्ये लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात आलं. त्यातल्या नायकाचं नाव सर मॅथ्यू माइट. माइट म्हणजे चिलटाएवढा किडा. हा माइट एका जुन्या खानदानी घराला कर्जात अडकवतो आणि बदल्यात मुलीचा हात मागतो. पार्लमेंटच्या जागेचा सौदा करतो. त्या मतदारसंघाचं नावच ‘लाच द्या’ अशा अर्थाचं आहे. त्यात एक प्रवेश असा की गावचे पुढारी आपसात बोलतात, आपल्या माणसांनी तिकडे पाय कसा रोवला : आधी व्यापाराला थोडी जागा मागितली, मग हळूहळू भिंती बांधल्या, आणि बळ आल्यावर यजमानालाच घराबाहेर काढलं. १७७२ साली लंडनचे प्रेक्षक तिकीट काढून हे ऐकत होते.

क्लाइव्हचं पुढे काय झालं?

पार्लमेंटने चौकशी केली. तिथे त्याने आपली बाजू मांडताना सांगितलं की मुर्शिदाबादच्या खजिन्यात दोन्ही बाजूंना सोनं आणि जवाहीर रचलेलं असताना आपण इतकंच कसं घेतलं, या स्वतःच्या संयमाचंच आपल्याला नवल वाटतं. मे १७७३ मध्ये सभागृहाने ठराव केला की त्याने २,३४,००० पौंड घेतले हे खरं, आणि त्याने देशाची मोठी सेवा केली हेही खरं. दंड नाही, वसुली नाही. नोव्हेंबर १७७४ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी तो लंडनमधल्या आपल्या घरी वारला.

आयर्लंडमध्ये लिमरिकजवळ घेतलेल्या इस्टेटीला त्याने ‘प्लासी’ असं नाव दिलं होतं. आज तिथे लिमरिक विद्यापीठ आहे आणि नदीकाठच्या त्या परिसराला लोक अजूनही प्लासीच म्हणतात. बंगालमधल्या नदियाच्या आमराईचं नाव आयर्लंडच्या गवतात असं राहिलं आहे.

अर्काटच्या नवाबाच्या कर्जाचं प्रकरण काय होतं?

खरा नवाब आणि खोटे नेबॉब समोरासमोर आले ते इथे. अर्काटचा नवाब मुहम्मद अली याला फौजेच्या खर्चासाठी सतत पैसा लागे. मद्रासमधले कंपनीचे नोकर त्याला जबर व्याजाने कर्ज देत आणि तारण म्हणून जिल्ह्यांचा वसूल लिहून घेत. सावकारी पाश म्हणजे काय हे दख्खनच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. इथे कुळाच्या जागी खुद्द नवाब होता आणि व्याज शेवटी भरत होतं तंजावर-अर्काटकडच्या रयतेचं शेत. सर्वांत मोठा सावकार पॉल बेनफील्ड पुढे पार्लमेंटात बसला. फेब्रुवारी १७८५ मध्ये एडमंड बर्कने या कर्जांवर केलेलं भाषण इंग्रजी वक्तृत्वातलं नावाजलेलं भाषण आहे. बेनफील्ड मात्र १८१० मध्ये पॅरिसला कंगाल अवस्थेत मेला.

हिंदुस्थानात आलेला प्रत्येक इंग्रज नेबॉब झाला का?

छे. बहुतेकांच्या नशिबी परतणंच नव्हतं. बंगालमध्ये नेमलेल्या मुलकी नोकरांपैकी निम्म्याहून अधिक त्या शतकात इथेच मेले. मुंबईच्या गोऱ्या वस्तीत सतराव्या शतकाच्या अखेरीस म्हण होती की माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. परतणाऱ्यांतही मध्यम कमाई करून गुपचूप राहणारे बरेच होते. डोळ्यांत भरले ते मूठभर.

नेबॉबांच्या खुणा आज कुठे पाहता येतात?

इंग्लंडला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी दोन-तीन जागा सांगतो. ग्लॉस्टरशायरमध्ये ‘सेझिनकोट’ हा वाडा आहे. कंपनीच्या नोकरीतून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने तो बांधवून घेतला : वर तांब्याचा हिरवट कांद्यासारखा घुमट, बाजूला छज्जे, आणि भोवती अस्सल इंग्लिश कुरण. ब्रायटनच्या राजवाड्याला इथून प्रेरणा मिळाली. बर्कशायरमधलं ‘बॅसिल्डन पार्क’ बंगालमधून परतलेल्या फ्रान्सिस साइक्सचं. वेल्समधल्या पोविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याचा संग्रह आहे. तिथे टिपू सुलतानाचा तंबू पाहताना पाय हलत नाहीत. याच काळात इंग्रजीत ‘लूट’ हा शब्दही आपल्याकडून गेला, ते उगीच नाही.

उत्तर स्कॉटलंडमध्ये फायरिश नावाच्या टेकडीवर दगडी कमानी उभ्या आहेत. बक्सर जिंकणाऱ्या हेक्टर मनरोने त्या बांधवल्या, नागपट्टणमच्या वेशीची आठवण म्हणून. धुक्यात त्या कमानी पाहिल्या की तमिळ किनाऱ्याचा आणि या ओसाड डोंगराचा संबंध जोडायला वेळ लागतो.

आणि जेवण! कढी-रश्श्याची चटक लागलेल्या या मंडळींसाठी लंडनच्या कॉफीगृहांत ‘करी’ मिळू लागली. १८१० मध्ये पाटण्याच्या शेख दीन महंमदने पोर्टमन स्क्वेअरजवळ ‘हिंदोस्तानी कॉफी हाउस’ काढलं, हुक्क्यासाठी वेगळी खोली ठेवून. दोन वर्षांत त्याचं दिवाळं निघालं. श्रीमंत नेबॉबांच्या घरी त्यांचे स्वतःचे स्वयंपाकी होते.

मुंबईचे, पुण्याचे नेबॉब नव्हते का?

फार कमी. नेबॉब प्रामुख्याने बंगाल आणि मद्रासचे. कारण सोपं आहे : वसूल गोळा करायला मुलूख लागतो, आणि मुंबईकर इंग्रजांच्या भोवती मराठे होते. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आली. इंग्रजांकडे बेटापुरती जमीन उरली आणि मुंबईचा खर्च कित्येकदा उत्पन्नापेक्षा जास्त असे. पुण्यात कुणाला नवाब बसवून नजराणा घेण्याची सोय नव्हती. राघोबादादांना गादीवर बसवण्याचा खटाटोप मुंबईकर इंग्रजांनी केला तो याच चालीवर, पण १७७९ मध्ये वडगावला तो अंगाशी आला.

पुण्याचा पहिला रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, चार्ल्स मॅलेट १७९७ पर्यंत इथे होता. १७९१ मध्ये त्याला ‘बॅरोनेट’ हा किताब मिळाला, नंतर तो इंग्लंडला राहिला. १७९० च्या तहाच्या वेळी पेशव्यांच्या दरबारात बसलेल्या मॅलेटचं टॉमस डॅनिएलने काढलेलं भव्य चित्र आता लंडनच्या टेट संग्रहात आहे. नेबॉबाच्या साच्यात तो पुरता बसत नाही. तोवर नियम बदलले होते.

बंगालच्या लुटीत मराठ्यांचाही हात होता ना?

होता, आणि तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. १७४२ पासून दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. तिथे आजही लहान मुलांना झोपवताना म्हणायच्या अंगाईगीतात ‘बर्गी’ येतात. हा आपला ‘बारगीर’. १७५१ मध्ये अलीवर्दी खानाने वर्षाला १२ लाख रुपये चौथ कबूल केली आणि ओडिशाचा मुलूख सोडला. कलकत्त्यात इंग्रजांनी आपल्या भीतीने ‘मराठा खंदक’ खणला. बंगाली माणसाच्या आठवणीत नेबॉबाच्या आधी आपला घोडेस्वार आहे.

नेबॉब संपले कधी?

१७७३ च्या कायद्याने नजराण्यांवर बंदी आली, १७८४ च्या कायद्याने कंपनीवर सरकारी देखरेख. हेस्टिंग्जवरचा महाभियोग १७८८ ते १७९५ असा सात वर्षं चालला. तो निर्दोष सुटला, पण धाक बसला. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने पगार भरघोस वाढवले आणि मुलकी अधिकाऱ्यांचा खासगी व्यापार बंद केला. त्याच वेळी मोठ्या जागांतून हिंदी माणसांनाही दूर केलं, हे सुधारणांच्या यादीत सहसा वाचायला मिळत नाही. पुढचा साहेब पगार आणि पेन्शन घेऊन परतू लागला. पैसा इंग्लंडला जातच राहिला, फक्त आता तो सरकारी हिशेबात दाखवला जाई.

‘नॉब’ आणि सॅन फ्रान्सिस्कोचं ‘नॉब हिल’ यांचा याच्याशी संबंध आहे का?

लोकप्रिय समजूत तशी आहे. त्या टेकडीवर स्टॅनफर्ड, क्रॉकर वगैरे रेल्वेसम्राटांचे वाडे होते, म्हणून नेबॉबांची टेकडी. पण बड्या माणसासाठीचा ‘नॉब’ हा इंग्रजी शब्द ‘नेबॉब’चं लघुरूप आहे याला कोशकार दुजोरा देत नाहीत. ऐकायला छान व्युत्पत्ती नेहमीच संशयाने पाहावी.

‘मोगल’, ‘टायकून’, ‘पॉश’ हेही असेच शब्द का?

‘मोगल’ हो. दिल्लीच्या बादशहाला इंग्रज ‘ग्रेट मोगल’ म्हणत. त्यावरून बडं धेंड. ‘टायकून’ जपानी : परकीयांशी बोलताना शोगुनसाठी, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशासाठी, वापरायची पदवी. अब्राहम लिंकनचे चिटणीस आपसात त्यांना लाडाने टायकून म्हणत. उद्योगपतीचा अर्थ पहिल्या महायुद्धानंतर रुळला. ‘पॉश’ची मुंबईच्या बोटींवरच्या थंड बाजूच्या केबिनची कथा मात्र बनावट आहे : ‘जाताना डावी बाजू, येताना उजवी’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर छापत, असं ती सांगते. तसं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही.

आजच्या इंग्रजीत हा शब्द कोण वापरतं?

वर्तमानपत्रवाले, कधीमधी राजकारणी. अमेरिकेचे उपाध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू यांनी सप्टेंबर १९७० मध्ये सॅन डिएगोला टीकाकारांना उद्देशून ‘न’च्या अनुप्रासात हा शब्द वापरला आणि तो गाजला, भाषण विल्यम सफायरने लिहिलेलं. तिथे अर्थ फक्त ‘स्वतःला शहाणे समजणारे बडे’ एवढाच. कॅनडात तर नेबॉब नावाची कॉफी मिळते. हिंदुस्थानी संस्थानिकाबद्दल लिहायचं असेल तर आता इंग्रजीतही ‘नवाब’च लिहितात. दोन शब्द वेगळे झाले, हे बरं झालं.

मराठीत भाषांतर करताना काय लिहावं?

‘नबाब’ लिहू नये. आपल्याकडे नबाब म्हणजे मुरुड-जंजिऱ्याचा सिद्दी नबाब, किंवा बाजीराव-मस्तानीच्या वंशातले उत्तर प्रदेशातल्या बांद्याचे नबाब. आणि ‘नबाबी थाट’ म्हणजे ऐट आणि आळस. त्यात परदेशातून पैसा ओरबाडून आणल्याचा अर्थ नाही. ‘गर्भश्रीमंत’ तर साफ उलटा, ‘कुबेर’ फार गोड. ‘नवश्रीमंत’ जवळचा, पण त्यात सत्ता नाही. आधुनिक मजकुरात मी ‘धनदांडगा’ वापरतो, कारण त्यात पैसा आहे आणि दांडगाईही आहे. अठराव्या शतकाबद्दल लिहीत असाल तर सरळ ‘नेबॉब’ ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाशी एक ओळ द्यावी : कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात धनाढ्य होऊन परतलेला इंग्रज.